कुठं अडतंय?

मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात जो माल परत येतो, त्यातला फारच थोडा खराब असतो. बहुतेक माल नवा, चांगला, कंपनीच्या खोक्यातला असतो. ज्या गाडीसाठी तो नेला त्या गाडीला तो बसत नाही, एवढेच त्याच्या परतीचे कारण. परभणीत आमच्या घरचे असे दुकान आहे. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते उभे केले आणि आता माझा चुलतभाऊ ते चालवतो. शाळा सुटली की काउंटरच्या आत स्टुलावर बसून मी गृहपाठ करत असे, आणि त्या वेळी कानावर सर्वांत जास्त पडणारे वाक्य होते, "अण्णा, हे बसंना की." नोकरीनिमित्त मी आता छत्रपती संभाजीनगरात राहते आणि हिशेबतपासणीचे काम करते, तरी दुकानात गेले की माझी नजर आधी परतीच्या फळीकडे जाते. त्या फळीवरच्या मालाचे पुढे काय होते यावर रस्त्याने धावणाऱ्या गाड्यांची सुरक्षितता काही अंशी तरी अवलंबून असते, असे माझे पक्के मत झाले आहे, आणि ते सविस्तर मांडावे असे फार दिवस मनात होते.

भाग बसला नाही म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, गिऱ्हाइकाने चुकीचा मागितला असेल, नाहीतर दुकानदाराने चुकीचा दिला असेल. प्रत्यक्षात दोघांचेही बरोबर असून भाग बसत नाही, असे पुष्कळदा घडते. मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत नाव तेच राहिले, पण १९८६ मध्ये गाडीचे सगळे अंगच बदलले आणि पुढे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनचे इंजिन आले. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल पंप इंजिनाला बाहेरून बसवलेला असतो आणि तो इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. इंजेक्शनच्या गाडीत तो विजेवर चालतो आणि पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. "मारुतीचा पेट्रोल पंप द्या" या मागणीला म्हणूनच एक उत्तर नाही. जीपगाड्यांचे प्रकरण याहून अवघड. जिंतूर, पाथरी, सेलूच्या रस्त्यांवर काळी-पिवळी म्हणून माणसे वाहणाऱ्या मार्शल गाड्यांत काहींना डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचे इंजिन असे, तर काहींना फ्रान्सच्या पुजो कंपनीचे इंजिन, त्यामुळे गिऱ्हाईक तोंड उघडण्याआधीच काउंटरवरून प्रश्न जायचा, "डीआय का पुजो?" त्यातही एखाद्या जुन्या जीपचे मूळ इंजिन काढून दुसरे घातलेले असायचे, गिअरबॉक्स भंगारबाजारातून आणलेला असायचा आणि मागचा ॲक्सल तिसऱ्याच गाडीचा असायचा. अशा गाडीचे कागद एक सांगतात आणि बॉनेटखाली दुसरेच निघते.

नव्या गाड्यांत हा प्रश्न सुटला, असेही नाही. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली. त्या तारखांच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी बाहेरून जुळ्या बहिणींइतकी सारखी दिसली तरी तिचे सेन्सर आणि सायलेन्सरचा सगळा मार्ग वेगळा असतो. एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. एबीएस असलेल्या गाडीच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा ड्राइव्ह शाफ्टवर सेन्सरसाठी एक दातेरी किंवा चुंबकीय कडे असते. ते नसलेला जुन्या गाडीचा भाग काही वेळा तिथे व्यवस्थित बसतो, चाकही फिरते, गाडी रस्त्यावर येते. फक्त डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा विझत नाही, कारण चाकाचा वेग सेन्सरला कळतच नाही. बसलेला असूनही न बसलेला असा हा भाग मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण जो बसतच नाही तो निदान परत तरी येतो.

शिवाय आरसी बुकातली नोंदणीची तारीख म्हणजे गाडी बनल्याची तारीख नव्हे, हेही लक्षात ठेवलेले बरे. डिसेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी पुढच्या वर्षी आरटीओकडे पास होते, आणि मधल्या काळात कारखान्यात एखादा बोल्ट जाड झालेला असतो किंवा स्टार्टरचा पुरवठादार बदललेला असतो. नंबर प्लेट तर काहीच सांगत नाही. मराठवाड्यात पुण्याहून आणलेल्या एमएच १२ च्या जुन्या गाड्या गावोगाव आहेत आणि त्यांच्या अंगावर आधीच्या मालकाने काय काय बदलले, हे नव्या मालकालाही ठाऊक नसते.

या सगळ्या घोळातून वाट दाखवणारी एकच गोष्ट म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चॅसिस नंबर. हा नंबर १७ जागांचा असतो, त्यात अंक आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेली असतात, आणि आय, ओ व क्यू ही तीन अक्षरे त्यात मुद्दामच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या अंकांशी गल्लत करतात. मारुतीचा नंबर साधारणपणे एमए३ ने, टाटांचा एमएटीने आणि महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो. एवढी काळजी घेऊन रचलेला हा नंबर सोनपेठच्या गॅरेजातून फोनवर सांगितला जायचा तेव्हा बी, डी, पी आणि टी यांचा एकच आवाज परभणीत पोहोचायचा. अण्णांनी त्यावर आपली बाराखडी केली होती: बी बीडचा, डी देगलूरचा, पी पैठणचा, टी तुळजापूरचा, जी गंगाखेडचा. पलीकडचा मिस्त्रीही तीच वापरायचा. आता व्हॉट्सॲपवर आरसीचा फोटो येतो आणि ही बाराखडी मागे पडली, पण तिच्यामुळे किती पार्सले योग्य गाडीपर्यंत गेली असतील, याची कल्पना त्या काळी फोनजवळ बसलेल्यालाच येईल.

बेअरिंगच्या बाबतीत जगाने हा प्रश्न किती सुंदर सोडवला आहे, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. ६२०५ म्हटले की आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. ६२०६ म्हटले की ३०, ६२ आणि १६. शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतल्या भोकाचे माप मिळते. मालिकेतल्या २० मिलिमीटरपासून पुढच्या बेअरिंगांना हा हिशेब चालतो. बनवणारा कोणीही असो, कोणत्याही देशातला असो, त्या नंबरचे बेअरिंग त्या जागी बसणारच. म्हणून पाण्याच्या मोटारीचे, पिठाच्या गिरणीचे बेअरिंग न बसता परत येण्याचा प्रसंग क्वचित. मोटारीच्या सुट्या भागांना मात्र असा सर्वांना लागू होणारा नंबर मिळाला नाही. ज्याचे त्याचे कॅटलॉग, ज्याचे त्याचे क्रमांक, आणि जुना क्रमांक रद्द होऊन त्याजागी नवा आला की दुकानातल्या जुन्या छापील पुस्तकावर पेनाने दुरुस्ती.

अण्णांची एक पद्धत मला आजही अनुकरणीय वाटते. भाग परत घेऊन आलेल्या माणसाला ते "का आणला?" असे कधीच विचारत नसत. "कुठं अडतंय?" असे विचारत. पहिल्या प्रश्नात माणसाची झडती आहे. दुसऱ्यात भागाची चौकशी आहे. "कुठं अडतंय?" म्हटले की मिस्त्री मोकळा होऊन बोलू लागायचा: "अण्णा, होल तर जुळू लागलेत, पण आत पंखा घासतोय." म्हणजे वॉटर पंपाची चकती बसली, पण आतल्या पंख्याची खोली वेगळी आहे, म्हणजे हा पंप त्याच इंजिनाच्या नंतरच्या प्रकाराचा आहे. एका वाक्यात निदान व्हायचे. मग जुना पंप आणि नवा पंप काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले जायचे.

क्लच प्लेटच्या वेळी हे काम पाहण्यासारखे असायचे. दोन प्लेटा एकमेकींवर ठेवल्या की व्यास तंतोतंत सारखा, लायनिंग सारखे, स्प्रिंगाही तितक्याच. तरी मिस्त्री म्हणायचा की शाफ्टवर चढत नाही. अण्णा ड्रॉवरमधून खडू काढायचे, मधल्या भोकाच्या एका दातावर पांढरी खूण करायचे आणि तिथून अंगठ्याच्या नखाने एकेक दात पुढे सारत पुन्हा खुणेपर्यंत मोजायचे. मग दुसरी प्लेट. दातांची संख्या वेगळी निघायची. बाहेरून कोणालाही न दिसणारा तो फरक नखाखाली कळायचा, आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव यायचा तो मी विसरलेले नाही, कारण तोपर्यंत त्याला वाटत असायचे की आपल्यालाच बसवता येत नाही.

मिस्त्रीचा विचार या व्यवहारात कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते. क्लच प्लेट घालायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गाडी जॅकवर चढते, नटबोल्ट डिझेलने धुतले जातात, पोरगा खाली झोपून अंगावर ऑइल घेतो, आणि हे सगळे झाल्यावर प्लेट शाफ्टवर चढत नाही. दुकानदार प्लेटचे पैसे परत देतो. गिऱ्हाइकाचा हिशेब चुकता होतो. मिस्त्रीचा गेलेला दिवस मात्र कोणत्याही बिलावर येत नाही. गाडी जॅकवरच राहते, ती जागा अडते, पुढची गाडी दुसऱ्या गॅरेजात जाते. आमच्या दुकानात म्हणून न बसणाऱ्या मालाच्या बदल्यात दुसरा देताना मिस्त्रीला थांबवून ठेवत नसत. रांग असली तरी त्याचे काम आधी व्हायचे, आणि रांगेतली माणसेही त्याला हरकत घेत नसत.

आता अंतराचा विचार करा. गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर. तिकडच्या एखाद्या वाडीवरचा माणूस एसटीने परभणीला येतो, ब्रेक पॅड नेतो, संध्याकाळी गावातला मिस्त्री चाक उघडतो आणि पॅडचा कान त्याला धरणाऱ्या कॅलिपरच्या खाचेत केसभर मोठा निघतो. या क्षणी दोन रस्ते असतात. पॅड खोक्यात घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा परभणी, किंवा कानस घेऊन कान घासणे. दुकानदार माल परत घेणारा नसेल, घेतला तरी चारचौघांत पाणउतारा करून घेणारा असेल, तर कानस उचलली जाते. घासलेला पॅड खाचेत बसतो खरा, पण एकतर तो ढिला पडून खडखडतो किंवा तिरपा बसून अडकतो, डिस्कला सतत घासत राहतो आणि तापतो. तसेच बेअरिंगचे. आपल्या घरात, म्हणजे ते जिथे बसते त्या गोल खोबणीत, सैल बसू लागले की भोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून ते ठोकतात. पट्टी काही दिवस धरते, मग झिजते, आणि चाक डुलू लागते. ही कामे करणारे मिस्त्री अडाणी किंवा बेफिकीर नसतात. घरी आजारी माणूस असतो, सकाळी बाजाराला भाजी न्यायची असते, गाडी चालू करून देणे भाग असते, आणि परतीचा रस्ता लांब असतो. परत करणे जितके अवघड, तितका न बसणारा भाग जबरीने बसवला जाण्याचा संभव जास्त. म्हणूनच माल सहज परत घेणे याला मी दुकानदाराचे औदार्य म्हणत नाही. तो त्याच्या विक्रीचाच उरलेला भाग आहे, आणि ब्रेकसारख्या मालाच्या बाबतीत तर तो रस्त्यावरच्या प्रत्येकाशी संबंधित आहे.

पण याची दुसरी बाजू तितकीच मोठी आहे आणि ती गिऱ्हाइकाकडे येते. परत केलेला भाग फळीवर कायमचा राहत नाही. तो पुन्हा विकला जातो, पुन्हा कोणाच्या तरी गाडीत बसतो. मानवतच्या गाडीला न बसलेला पॅड पूर्णेच्या गाडीला लागतो, आणि त्या गाडीत कोणाची तरी लेकरे बसलेली असतात. हे ध्यानात ठेवले की परतीची तपासणी कडक का असावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अण्णांची तपासणी मी जवळून पाहिलेली आहे. खोके उघडण्याआधी ते हाताला लागलेले ऑइल कापसाच्या वेस्टला पुसायचे, कारण आपल्याच बोटांचे डाग गिऱ्हाइकाच्या नावावर पडू नयेत. ब्रेक शू असेल तर लायनर, म्हणजे त्याच्यावरचा घासणारा थर, उजेडाकडे तिरपा धरायचे. कोऱ्या लायनरचा पृष्ठभाग सगळीकडे सारखा निस्तेज दिसतो. ड्रमला एकदा जरी टेकून फिरला की उंचवट्यांवर चकाकी येते. ग्रीसचा डाग लागला असेल तर तो शू परत घेतला जायचा नाही, कारण लायनरने ऑइल किंवा ग्रीस एकदा शोषले की पेट्रोलने कितीही पुसले तरी त्याची पकड पूर्वीसारखी होत नाही. क्लच प्लेटच्या मधल्या दातांवर शाफ्टच्या घासण्याची रेघ आहे का, हे ते नखाने बघायचे. नुसते लावून पाहिले असेल तर एखादी फिकी रेघ असते, ती चालते. दातांच्या कडा चकाकत असतील तर प्लेट चालवून काढलेली आहे. ऑइल फिल्टरच्या रबरी वायसरवर बोट फिरवायचे. ते कोरडे आणि गोल हवे, दाबून चपटे झालेले नको.

बेअरिंगच्या बाबतीत त्यांचा नियम सर्वांत कठोर होता. एकदा दाबून बसवलेले आणि मग ठोकून काढलेले बेअरिंग हातात फिरवून पाहिले तर नव्यासारखेच गुळगुळीत फिरते. पण काढताना हातोड्याचा जोर बाहेरच्या कड्यावरून गोळ्यांवर आणि गोळ्यांवरून आतल्या कड्यावर गेलेला असतो, आणि गोळ्या जिथे टेकल्या होत्या तिथे डोळ्याला न दिसणारे खळगे पडलेले असतात. गाडी वेगात आली की तेच खळगे आवाज करू लागतात. त्यामुळे बाहेरच्या कड्यावर हातोड्याचा चावा दिसला की ते बेअरिंग अण्णा हातात धरूनच परत द्यायचे. "दादा, हे दुसऱ्याला कसं देऊ?" एवढेच म्हणायचे. या प्रश्नावर वाद घातलेला माणूस मला आठवत नाही. त्यात नकार होता, पण संशय नव्हता. समोरच्याला त्या तिसऱ्या, अजून न आलेल्या गिऱ्हाइकाच्या जागी उभे केले जायचे.

सेन्सर, इग्निशन कॉइल, रिले अशा विजेच्या मालाचे परत घेणे बहुतेक दुकानांत बंद असते आणि त्यावर पुष्कळ जण चिडतात. इथे मात्र मी दुकानदारांच्या बाजूची आहे. यांत्रिक भाग आपला इतिहास अंगावर वागवतो. विजेचा भाग वागवत नाही. चुकीच्या वायरीला लावून क्षणभर प्रवाह गेला आणि आतला भाग जळला, तरी बाहेरचे प्लास्टिक तसेच कोरे राहते, आणि लहान गावातल्या दुकानात त्याची परीक्षा घेण्याचे यंत्र नसते. मात्र ही अट विकण्यापूर्वी तोंडाने सांगितली पाहिजे. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापून ती सांगितल्यासारखी होत नाही.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अजूनही कित्येक दुकानांत टांगलेली दिसते. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते; बिल न देणे हीदेखील. २०२० च्या ई-व्यापाराच्या नियमांनुसार, सांगितलेल्या किंवा ठरलेल्या गुणांचा माल नसेल तर ऑनलाइन विक्रेत्यालाही तो परत नाकारता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण दुकानाच्या काउंटरवर रोज उभा राहणारा प्रश्न यात पुरता मावत नाही. माल सदोष नाही, विक्रेत्याने मागितलेलाच दिला आहे, गिऱ्हाइकाने आपल्या गाडीचे नाव आणि वर्ष बरोबर सांगितले आहे, आणि तरी भाग बसत नाही, कारण कारखान्याने वर्षाच्या मध्यावर काही बदलले होते. कायद्याला दोष कोणाचा हे ठरवावे लागते. इथे दोष कोणाचाच नाही, नुकसान मात्र कोणाला तरी सोसायचे आहे. माझ्या मते ते आधी दुकानदाराने आणि त्याच्यामागे वितरकाने सोसावे, कारण कॅटलॉग त्यांच्या हातात असतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसते.

बिलाबद्दल मात्र गिऱ्हाइकांना एक आग्रहाची विनंती आहे, आणि ती मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून करते. थोडे पैसे वाचतात म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेऊ नये. पक्के बिल असेल तर दुकानदार परतीच्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली रक्कम कमी झाल्याचा कागद, काढू शकतो आणि भरलेला जीएसटी त्याला कमी करून घेता येतो. ती नोट विक्रीचे आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या फार तर ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर सरसकट १८ टक्के झाला, त्याआधी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता, म्हणजे एका परतीमागे किती रक्कम कराची असू शकते हे लक्षात येईल. कच्च्या चिठ्ठीवरचा माल परत घेताना दुकानदाराकडे तो कधी, कोणाला, कोणत्या भावाने विकला याचा आधारच उरत नाही, आणि मग भांडण माणसांच्या स्मरणशक्तीवर येऊन थांबते.

ऑनलाइन खरेदीने या विषयात एक नवाच पेच आणला आहे. मध्यंतरी आमच्या गाडीसाठी मी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड असेच मागवले. खोक्यावरचा क्रमांक बरोबर होता, खोके दिसायला नवे होते. आतले पॅड काढून मी सवयीने खिडकीकडे तिरपे धरले, तर दोन पॅडांच्या कडांवर चकाकी होती आणि पाठीच्या पत्र्यावर पिस्टनचा गोल ठसा उमटलेला होता. कोणीतरी ते चालवून, काढून, खोक्यात भरून परत केले होते आणि विक्रेत्याच्या गोदामात कोणीही खोके न उघडता ते पुन्हा माझ्याकडे रवाना केले होते. पैसे लगेच परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार याची आहे की परत करण्याच्या पानावर कारणांची जी यादी होती, तिच्यात "माल वापरलेला आहे, पुन्हा विकू नये" असे सांगण्याची सोय नव्हती. मी "बसला नाही" हा पर्याय निवडला नाही, त्यातल्या त्यात जवळचा म्हणून "सदोष" निवडला, आणि खोक्यात मराठीत व इंग्रजीत चिठ्ठी लिहून ठेवली की हे पॅड वापरलेले आहेत. ती चिठ्ठी कोणी वाचली की नाही, हे कळण्याचा काही मार्ग नाही. आमच्या काउंटरवर तोच माल तोच माणूस हाताळतो, विकतानाही आणि परत घेतानाही. म्हणून त्याला आधीच्या गिऱ्हाइकाची गोष्ट पुढच्याला सांगता येते. मोठ्या गोदामात विकणारा हात आणि परत घेणारा हात एकमेकांना ओळखत नाहीत. त्याला इलाज नसेल, पण ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांचा उघडलेला माल एखाद्या जाणत्या माणसाने उजेडात धरून पाहिल्याखेरीज पुन्हा विक्रीला जाऊ नये, एवढा नियम तरी त्यांना करता येण्यासारखा आहे. आणि परतीच्या पानावर "बसला नाही" याच्या खाली आणखी एक रकाना द्यावा, कुठे अडला ते लिहायला. लोक लिहितील. ज्याचा दिवस गेला आहे, तो कुठे अडले हे सांगायला उत्सुकच असतो.

आमच्या दुकानात अण्णांची परतीची वही होती. तारीख, भाग, गाडी, आणि शेवटच्या रकान्यात कुठे अडला. चुलतभावाने ती संगणकावर घेतली असून त्यात आता चॅसिस नंबरही भरला जातो, त्यामुळे एकाच कारणाच्या परती एकत्र दिसतात. एका जुन्या डिझेल गाडीचा वॉटर पंप पंखा घासतो म्हणून वारंवार परत येत होता. त्या सगळ्या गाड्यांचे चॅसिस नंबर त्याने शेजारी शेजारी लावले, तेव्हा त्या एकाच काळात बनलेल्या निघाल्या. ती यादी त्याने वितरकाकडे आणि वितरकाने पुढे पंप बनवणाऱ्याकडे पाठवली. पुढच्या कॅटलॉगात त्या पंपासमोर "अमुक नंबरपासून पुढे" अशी ओळ वाढली, आणि त्या नंबरच्या आधीच्या गाड्यांसाठी दुसरा क्रमांक आला. त्यानंतर तो पंप परत आलेला नाही.